टेडीचे कूळ शिवणीत शोधावे

१४ नोव्हेंबर १९०२ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यातल्या ऑनवर्ड गावाजवळच्या रानात अस्वलाच्या शिकारीला गेले होते. वाटाड्या होता होल्ट कॉलियर, गुलामगिरीत जन्मलेला आणि त्या रानाची खडान्‌खडा माहिती असलेला शिकारी. कुत्र्यांनी एक अस्वल घेरले. कॉलियरने बंदुकीचा दस्ता डोक्यात घालून त्याला अर्धमेले केले, झाडाला बांधले आणि राष्ट्राध्यक्षांना बोलावणे धाडले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्ट यांनी नकार दिला. दोनच दिवसांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये क्लिफर्ड बेरीमन यांचे त्यावरचे व्यंगचित्र छापून आले आणि त्यातूनच राष्ट्राध्यक्षांचे ‘टेडी’ हे लाडके नाव खेळण्यातल्या अस्वलाला चिकटले. ही हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. मात्र सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत अस्वल सुखरूप रानात परत जाते, आणि तसे झालेले नाही. घायाळ जनावराचे हाल थांबवण्यासाठी त्याला सुरीने मारून टाका, असे रूझवेल्ट यांनीच सांगितले होते. बेरीमन यांनी पुढच्या चित्रांमध्ये अस्वल आणखी लहान, गोलमटोल आणि गोंडस केले. टेडी घराघरांत पोहोचेपर्यंत त्याची कहाणी अशी मवाळ होऊन गेली होती. घरातल्या जुन्या टेडीचा विचार करताना हे लक्षात ठेवावे लागते. त्याच्याबद्दल जे सांगितले जाते ते सांगणाऱ्याच्या कलाने बदलत जाते. त्याच्या अंगात जे शिवलेले आहे ते सहसा बदलत नाही. म्हणून त्याचे कूळ शोधायचे तर कानातले बटण, तळव्यावरचे लेबल आणि आजीकडून ऐकलेली गोष्ट या तिन्हींच्या आधी त्याचे कापड, सांधे, भरण आणि शिवण पाहावी. आणि त्याची निगा राखायची म्हणजे याच चार गोष्टी आहेत तशा टिकवाव्यात, असे माझे म्हणणे आहे.

खुद्द टेडीच्या जन्माचा वाद पाहिला तरी हे पटते. दावेदार दोन आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात चॉकलेट-गोळ्यांचे दुकान चालवणारे मॉरिस आणि रोझ मिक्टम हे रशियातून आलेले ज्यू दांपत्य. व्यंगचित्र पाहून त्यांनी कापडी अस्वल शिवले, ‘टेडीज बेअर’ म्हणून दुकानात मांडले आणि त्यातून पुढे १९०७ मध्ये ‘आयडियल’ ही खेळण्यांची मोठी कंपनी उभी राहिली. नाव वापरू का, असे मिक्टम यांनी रूझवेल्ट यांना पत्राने विचारले आणि होकार आला, अशी त्या घराण्यातली कथा आहे. ते पत्र मात्र कुणालाच सापडलेले नाही. दुसरा दावा दक्षिण जर्मनीतल्या गीन्गेन या लहान गावचा. तिथल्या मार्गारेटे श्टाइफ यांना लहानपणीच पोलिओ झाला आणि त्यांचे सारे आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेले. १८८० च्या सुमारास टाचण्या खोचायला म्हणून त्यांनी फेल्टचा एक छोटा हत्ती शिवला, मुलांना तो खेळायला आवडला आणि त्यातून कारखाना वाढला. त्यांचा पुतण्या रिचर्ड स्टुटगार्टच्या कलाशाळेत शिकलेला होता आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयात बसून अस्वलांची रेखाटने करायचा. १९०२ मध्ये त्याने ‘५५ पीबी’ हे अस्वल तयार केले. ५५ म्हणजे सेंटिमीटरमधले माप, ‘पी’ म्हणजे प्लश कापड आणि ‘बी’ म्हणजे हलते हातपाय. १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत न्यूयॉर्कच्या बोर्गफेल्ट कंपनीचे खरेदीदार हेर्मान बेर्ग यांनी त्याचे ३,००० नग मागवले. एवढी मोठी मागणी नोंदलेली आहे, पण ५५ पीबीचा एकही नग आज कुणाजवळ असल्याचे माहीत नाही. ब्रुकलिनच्या बाजूला पत्र नाही आणि गीन्गेनच्या बाजूला अस्वल नाही.

हा वाद कागदांवरून सुटणार नाही. घडणीवरून मात्र बराच सुटतो. चाकांवर ओढत न्यायची कापडी अस्वले श्टाइफच्या कारखान्यात आधीपासून होत होती. नवे होते ते मुलासारखे बसणारे, मान वळवणारे आणि हातपाय फिरवणारे अस्वल. त्यामुळे टेडीची कुळकथा मुख्यतः सांध्याची कथा आहे, आणि ती कथा गीन्गेनच्या सुरुवातीच्या अस्वलांत टप्प्याटप्प्याने वाचता येते. ५५ पीबीचे हातपाय दोऱ्याने ओवलेले होते. ते लवकर सैल पडत, म्हणून थोड्याच अवधीत अंगातून आरपार जाणाऱ्या लोखंडी सळ्या आल्या. सळीची अस्वले हाताला जड आणि कडक लागतात, त्यांचे नाक शिवलेले नसून लाखेसारख्या पदार्थाने घडवलेले असते, आणि क्ष-किरणांत पाहिले की सळ्या स्पष्ट दिसतात. १९०५ मध्ये तिसरा उपाय निघाला. अंगात एक आणि हाता-पायात एक अशा जाड पुठ्ठ्याच्या चकत्या आणि त्यांना जोडणारी धातूची पिन. हाच उपाय टिकला आणि जगभरच्या कारखान्यांनी उचलला. दोरा, सळी, चकती हा सारा प्रवास दोन-तीन वर्षांत झाला, म्हणून त्या काळातल्या अस्वलाचे वय कोणत्याही लेबलापेक्षा त्याच्या खांद्यातून अधिक नेमके कळते. माझ्या मते नाव अमेरिकेने दिले आणि अंग जर्मनीने. दोघांनीही ते एकमेकांना न विचारता, जवळजवळ एकाच हंगामात केले. मग १९०४ मध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात श्टाइफला सुवर्णपदक मिळाले, आणि १९०७ या एका वर्षात गीन्गेनमधून सुमारे ९,७४,००० अस्वले बाहेर पडली. त्याच वर्षी मिशिगनमधल्या एका धर्मगुरूने, बाहुल्या सोडून अस्वले घेणाऱ्या मुलींच्या मनातली मातृत्वाची ओढ नाहीशी होईल, अशी जाहीर चिंता व्यक्त केली. एखादे खेळणे पाच वर्षांत असे समाजाच्या काळजीचा विषय व्हावे, यावरून त्याच्या प्रसाराचा वेग कळतो.

अंगकाठीचाही देशागणिक स्वभाव असतो. सुरुवातीच्या जर्मन अस्वलाच्या पाठीवर खऱ्या अस्वलासारखी वशिंडवजा फुगवटी असते, तोंड लांबट आणि पुढे आलेले, हात लांब आणि मनगटाशी वळलेले, पावले मोठी आणि अरुंद. रिचर्डची रेखाटने त्या अंगात उतरलेली दिसतात. अमेरिकन अस्वलाचे धड बहुधा सडपातळ आणि सरळ असते, आयडियलच्या डोक्याचा घाट त्रिकोणी असतो. इंग्लंडमध्ये जे. के. फार्नेलसारखे कारखाने पहिल्या महायुद्धाच्या आधीच या धंद्यात होते, पण युद्धात जर्मन माल यायचा थांबला आणि तिथला धंदा खऱ्या अर्थाने फोफावला. चॅड व्हॅली, चिल्टर्न, डीन्स आणि १९३० मध्ये सुरू झालेली मेरीथॉट ही त्यातली मोठी नावे. इंग्रजी अस्वल हळूहळू आखूड हातांचे, चपट्या तोंडाचे आणि पाठीला सपाट होत गेले. रानातल्या अस्वलापासून ते दूर सरकले आणि कुशीत घ्यायला सोपे झाले. फार्नेलचा असाच एक टेडी १९२१ मध्ये लंडनच्या हॅरड्समधून क्रिस्टोफर रॉबिन मिल्न याच्या पहिल्या वाढदिवसासाठी घेतला गेला, असे मानले जाते. तोच ‘विनी द पू’. तो आता न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात आहे.

कापड आणि भरण हे त्याहून भरवशाचे साक्षीदार. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या चांगल्या टेडीचे कापड मोहेरचे, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांचे. सुती विणीवर हे केस उभे विणलेले असतात, त्यांना किंचित रेशमी चमक असते आणि टक्कल पडले की खालची सुती वीण उघडी पडते. १९३० च्या सुमारास कृत्रिम रेशमाचे प्लश आले, १९५० नंतर नायलॉन आणि इतर कृत्रिम धागे. आपोआप गळून पडलेला एखादाच तंतू चिमट्यात धरून जाळला तर मोहेर केसासारखा जळतो, तसाच वास येतो आणि राख बोटात चुरडते. नायलॉन वितळतो आणि त्याचा टणक मणी होतो. कृत्रिम रेशीम कागदासारखे जळते. भरणाचे तर बोटांनीच कळते. जुन्या जर्मन आणि अमेरिकन अस्वलांत लाकूड तासून काढलेले लांब, केसाएवढे बारीक तंतू ठासून भरलेले असतात. पोट हलकेच दाबले तर आत करकर वाजते आणि अंग विटेसारखे घट्ट लागते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजी टेडीत कापोक वाढला. हा आपल्या सावरीच्या कापसाचा जवळचा नातलग. कापोकचा टेडी हाताला अगदी हलका लागतो. स्पंज आणि फोम आले ते युद्धानंतर. डोळ्यांचेही असेच आहे. आधी बुटाची काळी बटणे, १९१० च्या आसपासपासून तारेवर बसवलेले काचेचे डोळे, आणि १९५० च्या दशकात आतून नटाने आवळलेले प्लॅस्टिकचे सुरक्षित डोळे. तळवे आधी फेल्टचे, मग मखमलीवजा सुती कापडाचे, आणि १९३० नंतर बऱ्याच इंग्रजी अस्वलांत रेक्झिनचे, तेच जे आपल्याला रिक्षाच्या सीटमुळे परिचयाचे आहे.

यातून एक साधा नियम निघतो. अस्वल त्याच्या सर्वांत नव्या मूळ भागाहून जुने असू शकत नाही. मात्र ‘मूळ’ या शब्दात सगळी मेख आहे, आणि पहिला गंभीर आक्षेपही तिथूनच येतो. शंभर वर्षांत डोळे निघाले असतील, आईने दुसरे लावले असतील, तळवे झिजून नवे शिवले असतील. मग घडणीवरून काय सिद्ध होणार? आक्षेप खरा आहे, पण प्रत्येक दुरुस्ती स्वतःची खूण मागे ठेवते. मूळ डोळ्याची तार कापडात आत रुतलेली असते आणि भोवतालच्या केसांना वर्षांनुवर्षांचा दाब बसलेला असतो. नव्या डोळ्याभोवती जुन्या, मोठ्या भोकाची कड दिसते. कारखान्याची शेवटची शिवण, म्हणजे भरण घालून झाल्यावर हाताने मिटवलेली, पोटावर किंवा पाठीवर एका जागी आणि एका हाताची असते. तिच्यावर दुसऱ्या रंगाचा दोरा किंवा वेगळ्या लांबीचे टाके दिसले तर अंग कधीतरी उघडले गेले आहे हे नक्की. झीजही बोलते. मूल टेडीला एका हाताला धरून ओढते, नाकाचे मुके घेते, पोटाशी धरते, त्यामुळे टक्कल तिथे पडते. काखेत आणि जांघेत, जिथे हात पोहोचत नाही, मूळ रंग आणि दाट केस टिकून राहतात. वस्तऱ्याने किंवा घासून जुना केलेला नवा टेडी सगळीकडे सारखाच विरळ असतो, आणि त्याची काख रंगाने बाकीच्या अंगाहून वेगळी नसते. जांघेतला रंग आणि छातीवरचा रंग यांतला फरक खोटा तयार करणे फार कठीण, म्हणून मी सगळ्या खुणांत या खुणेला सर्वांत वरचे स्थान देतो.

नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली अस्वल धरावे, असा सल्ला अनेक जाणकार देतात. मोहेर आणि जुना सुती दोरा त्या उजेडात मंद दिसतात, बरेच नवे कृत्रिम धागे आणि आधुनिक कपड्यांतले उजळवणारे रंग निळसर झळकतात. दुरुस्तीची जागा शोधायला हे उत्तम साधन आहे. पण त्याला निकाल समजू नये. आजच्या धुण्याच्या पावडरींतही तीच उजळवणारी रसायने असतात, त्यामुळे कुणीतरी प्रेमाने धुतलेले शंभर वर्षांचे अस्वलही झळकू शकते. झळकले तर प्रश्न विचारायचा, उत्तर सांध्यांकडून आणि शिवणीकडून घ्यायचे.

दुसरा आक्षेप बटणाचा. श्टाइफने १९०४ च्या नोव्हेंबरात आपल्या खेळण्यांच्या डाव्या कानात धातूचे बटण लावायला सुरुवात केली ती नकलांपासून बचाव म्हणूनच. मग त्यावर भरवसा का ठेवू नये? ठेवावा, पण दुय्यम पुरावा म्हणून. पहिली बटणे हत्तीच्या चित्राची होती, मग काही कोरी, मग श्टाइफ हे नाव आणि शेवटच्या अक्षराची मागे वळलेली लांब शेपटी. बटणाखालची कापडी पट्टी सुरुवातीला पांढरी, १९२६ च्या सुमारास लाल आणि १९३४ पासून पिवळी. हे सगळे फार उपयोगाचे आहे. पण अनेक आईबापांनी मूल गिळेल या धास्तीने बटण उपटून टाकले, आणि उलट बाजूला, किमती वाढल्यावर साध्या अस्वलांच्या कानात जुनी किंवा नकली बटणे ठोकली गेली. म्हणून बटण नसेल तर निराश न होता कान उजेडात धरून पाहावा: बटणाच्या दांडीने पाडलेले भोक, त्याभोवती गंजाचा फिकट वलयाकार डाग, आणि तेवढ्या जागेतले दबलेले केस. बटण असेल तर उलटा प्रश्न विचारावा: गंज कापडात मुरला आहे की बटण चकचकीत आणि भोवतालचे कापड कोरे? न्यूरेम्बर्गच्या बिंग कंपनीनेही आपल्या अस्वलांच्या कानात धातूची खूण लावली होती. श्टाइफने हरकत घेतल्यावर ती खूण काखेखाली सरकली. म्हणजे कानात भोक आहे एवढ्यावरूनही श्टाइफ ठरत नाही. पाठीचा फुगवटा, हाताचे वळण आणि नाक सगळे एका बाजूने बोलले पाहिजे. लेबलांचेही तेच. चॅड व्हॅलीला १९३८ मध्ये राणीचे खेळणी-पुरवठादार म्हणून मान मिळाला आणि तसे लेबल पावलावर आले. १९५३ च्या राज्याभिषेकानंतर त्यावर राजमाता असा उल्लेख होऊ लागला. युद्धानंतरच्या काही वर्षांत जर्मन टेडीच्या शिवणीत ‘यूएस झोन’ अशी पट्टी असे, कारण जर्मनीचा काही भाग तेव्हा अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता. अशी पट्टी शिवणीच्या आत मूळ टाक्यांत अडकलेली असेल तर तिच्याइतका चांगला दाखला नाही. वरून चार टाक्यांनी टाचलेली असेल तर तिला काहीच किंमत देऊ नये.

तिसरा आक्षेप मनाला अधिक लागणारा आहे. घराण्याची आठवण हाच तर टेडीचा प्राण, आणि बाजारसुद्धा तिलाच मोल देतो. लंडनच्या क्रिस्टीज लिलावात १९९४ च्या डिसेंबरात ‘टेडी गर्ल’ हे दालचिनी रंगाचे, सुमारे १९०४ चे श्टाइफ अस्वल १,१०,००० पौंडांना गेले. त्याचे धनी कर्नल बॉब हेंडरसन यांनी ते बालपणापासून सांभाळले होते, आणि घेणारे जपानचे योशिहिरो सेकिगुची यांनी ते इझू येथील टेडी संग्रहालयासाठी घेतले. हा मोठा आकडा केवळ कथेचा, असे म्हणता येईल का? मला तसे वाटत नाही. त्या अस्वलाच्या डोक्यावर मधोमध उभी शिवण आहे. हा सुरुवातीच्या श्टाइफमधला दुर्मीळ प्रकार. कापड वाया जाऊ नये म्हणून काही डोकी अशी जोडून बेतली जात, आणि ती शिवण कथेवर अवलंबून नाही. कथेने किंमत चढवली, पण ती कथा अस्वलाच्या अंगाशी जुळली म्हणून. कुटुंबाच्या आठवणीत साल हमखास सरकते. आजोबांच्या लहानपणीचा म्हणून सांगितलेला टेडी बहुधा त्यांच्या मुलाचा निघतो, कारण आठवण माणसाशी बांधलेली असते, तारखेशी नाही. आजोबांचा मांडीवर टेडी घेतलेला फोटो सापडला तर मात्र गोष्ट वेगळी. फोटोतल्या कानाची जागा, तोंडाची लांबी आणि हाताचा बाक हातातल्या टेडीशी ताडून पाहता येतो. आठवण टाकून द्यायची नाही, लिहून ठेवायची. फक्त साल तिच्याकडून घ्यायचे नाही.

इतके मान्य केले की निगेचा प्रश्न आपोआप वेगळा दिसू लागतो. जुना टेडी हाती आला की बहुतेक घरांत पहिला विचार धुण्याचा असतो. हाच सर्वांत मोठा धोका. लाकडाचे भरण पाणी पिऊन फुगते, वाळायला अनेक दिवस घेते आणि आतून कुजते. पुठ्ठ्याच्या चकत्या लगदा होतात आणि मान लटकते. सळ्या, पिना गंजतात आणि तपकिरी डाग बाहेर येतो. पोटात गुरगुरण्याचा डबा असेल तर त्याचा भाता कायमचा मुका होतो. धुता येणारा टेडी हाच मुळात उशिराचा शोध आहे: वेल्समधल्या वेंडी बॉस्टन कंपनीने १९५४ मध्ये नायलॉन आणि फोमचा, सांधे नसलेला, यंत्रात धुता येणारा टेडी काढला. म्हणजे टेडी धुता यावा म्हणून त्याचे कापड, भरण, डोळे आणि सांधे चारही बदलावे लागले. १९५४ पूर्वीच्या अस्वलाला बादलीत बुडवायला निघालेल्या कुणालाही एवढा एकच दाखला पुरेसा व्हावा. स्वच्छ करायचे तर व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर मलमल बांधून, अगदी कमी ओढीवर, केसांच्या दिशेने धूळ काढावी. कापड मजबूत असेल तरच सौम्य साबणाचा नुसता फेस सुती फडक्यावर घेऊन वरचे केस टिपावेत, आधी पाठीमागे न दिसणाऱ्या जागी करून पाहावे, आणि ओल खालच्या विणीपर्यंत जाऊ देऊ नये.

खरा शत्रू मात्र मळ नव्हे, कसर आहे. कापडाच्या पतंगाच्या आणि गालिच्याच्या किड्याच्या अळ्या केस आणि लोकर खातात, आणि मोहेर हे केसच. नवा आणलेला टेडी इतर लोकरी कपड्यांजवळ ठेवण्याआधी दोन आठवडे पारदर्शक पिशवीत एकटा ठेवावा आणि तळाशी वाळूसारखे कण किंवा जाळे दिसते का पाहावे. दिसले तर पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बंद करून घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, उणे १८ अंशांच्या आसपास, दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच मिटलेली राहू द्यावी, म्हणजे दव पिशवीवर धरते, अस्वलावर नाही. आपल्याकडे याच कामाला डांबरगोळ्या, कडुनिंबाचा पाला आणि ऊन हे तीन उपाय वापरात आहेत. डांबरगोळ्यांची वाफ मुलांना अपायकारक, वास वर्षानुवर्षे जात नाही आणि प्लॅस्टिकचे डोळे त्याने खराब होऊ शकतात. पाल्याचा चुरा केसांत अडकतो आणि आत शिरलेली अळी त्याने मरत नाही. कडक उन्हात रंग उडतो आणि धागा ठिसूळ होतो. संग्रहालये जुन्या कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, यावरून अंदाज करावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातली दमट हवा हा आणखी एक प्रश्न. तेव्हा प्लॅस्टिकची बंद पिशवी बुरशीला आमंत्रण ठरते. धुतलेला, खळ नसलेला सुती अभ्रा, आत आम्लमुक्त पातळ कागद आणि जमिनीपासून वर, भिंतीला न टेकणारे कपाट एवढे पुरते. मात्र दर महिन्याला उघडून पाहिले पाहिजे.

यावर चौथा आक्षेप येणारच की टेडी हे खेळणे आहे, संग्रहालयातली मूर्ती नव्हे. ज्याला मुलांनी चुंबून चुंबून टकलू केले त्याला कपाटात डांबणे हाच त्याचा अपमान. तो नीट शिवावा, डोळे लावावेत, पुन्हा मुलाच्या हाती द्यावा. या म्हणण्यात माया आहे, आणि दुरुस्तीला माझा विरोध नाही. विनी द पूच्या सोबतची सगळी मंडळीसुद्धा २०१६ मध्ये दुरुस्त होऊनच पुन्हा लोकांसमोर आली. प्रश्न कोणत्या दुरुस्तीचा एवढाच. फाटलेल्या शिवणीतून भरण सांडत असेल तर ती मिटवलीच पाहिजे, पण सुती दोऱ्याने, सहज उसवता येईल अशी, आणि जुन्या भोकांतून सुई घालून. झिजलेल्या तळव्यावर नवे फेल्ट लावायचे तर जुन्याच्या वर लावावे, जुने कापून काढू नये. निघालेला डोळा, तुटलेली पिन, सांडलेले भरण छोट्या पाकिटात घालून टेडीबरोबर ठेवावे. सगळे केस विंचरून, नवे भरण ठासून, चकचकीत डोळे लावून ‘नव्यासारखा’ केलेला टेडी मुलाला आनंद देईल हे खरे, पण तेवढा आनंद दुकानातला नवा टेडीही देतो. शिवाय बुटाच्या बटणाचे आणि तारेवरचे काचेचे डोळे लहान मुलाच्या तोंडात सहज जातात, आणि त्या काळच्या रंगांची आणि भरणाची कुणी सुरक्षिततेची चाचणी केलेली नाही. मुलासाठी नवा घ्यावा. जुना त्याला मांडीवर घेऊन दाखवावा, त्याची गोष्ट सांगावी, आणि काखेतला मूळ रंग बोटाने दाखवावा. त्याने टेडीचा अपमान होत नाही.

तेव्हा घरातल्या ट्रंकेत असा एखादा टेडी असेल तर त्याला पाण्याला लावू नका, उन्हात टाकू नका आणि हौसेने उसवू नका. दिवसाच्या उजेडात समोरून, पाठीवरून, दोन्ही कानांचे, तळव्यांचे आणि काखेतले फोटो काढा. उंची आणि वजन लिहा. ऐकलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या नावासकट वेगळ्या कागदावर उतरवून ठेवा. कापड सुटत असेल तर जुन्या कापडांची दुरुस्ती जाणणाऱ्या माणसाकडेच न्या, आणि शिवण उघडावी लागणार असेल तर ती उघडण्याआधी, उघडल्यावर आणि मिटवल्यावर असे तीन वेळा फोटो मागून घ्या.